भाषेच्या पदवीसाठी अँकी: शब्द टिकतात, पण कार्ड नीट लिहिलं तर

विद्यापीठात परकी भाषा आणि तिची संस्कृती शिकणाऱ्या विद्यार्थ्याची खरी अडचण शब्दांची असते. व्याकरण वर्गात शिकवतात, साहित्य आणि इतिहासावर व्याख्यानं होतात, पण शब्दसंग्रह ज्याचा त्याने करायचा, असं सगळीकडे गृहीत धरलेलं असतं. शून्यापासून सुरू केलेली भाषा दोन-तीन वर्षांत कादंबरी वाचण्याइतकी यायला हवी, आणि त्याच वेळी निबंध, सादरीकरणं, तोंडी परीक्षा चालूच. सप्टेंबरात वहीत उतरवलेले शब्द मार्चमध्ये पुन्हा अनोळखी झालेले दिसतात. या एका दुखण्यावर अँकी हे प्रश्नोत्तराच्या कार्डांवरून उजळणी करून घेणारं सॉफ्टवेअर फार चांगलं औषध आहे. बाकीच्या दुखण्यांवर ते चालत नाही, आणि चुकीच्या मात्रेत घेतलं तर त्रासही देतं. म्हणून हे परीक्षण थोडं सविस्तर.

अँकी हा जपानी शब्द आहे, अर्थ 'पाठांतर'. डेमियन एल्म्स यांनी २००६ साली ते पहिल्यांदा प्रसिद्ध केलं. कल्पना जुनी आहे: नवं शिकलेलं सुरुवातीला झपाट्याने आणि नंतर हळूहळू विसरलं जातं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडलं होतं. विसरण्याच्या बेतात असतानाच उजळणी केली की पुढची उजळणी आणखी लांबवता येते. अँकी प्रत्येक कार्डासाठी तो दिवस काढून देतं. तुम्ही उत्तर आठवायचं, कार्ड उलटायचं आणि चारांपैकी एक बटण दाबायचं: अगेन, हार्ड, गुड, ईझी. विंडोज, मॅक आणि लिनक्सवर ते फुकट आहे. अँड्रॉइडवरचं अँकीड्रॉइड स्वयंसेवकांनी बनवलेलं, तेही फुकट. आयफोनवरच्या अधिकृत अ‍ॅपला मात्र पैसे पडतात, आणि त्यातूनच मूळ प्रकल्पाचा खर्च निघतो. अ‍ॅपच्या दुकानात जवळजवळ त्याच नावाची इतर अ‍ॅप्स दिसतात, त्यांचा या प्रकल्पाशी संबंध नाही. डाउनलोड करण्याआधी निर्मात्याचं नाव पाहून घ्यावं.

पहिल्यांदा उघडल्यावर निराशा होईल. राखाडी खिडकी, चार-पाच बटणं, शिकवणारं कोणी नाही. सगळ्यात आधी एकच गोष्ट समजून घ्यायची: अँकीत 'नोट' वेगळी आणि 'कार्ड' वेगळं. नोट म्हणजे माहितीचा संच, आणि त्यातून साच्याप्रमाणे एक किंवा अनेक कार्डं तयार होतात. हा फरक न कळल्यामुळे बरेच जण एकच शब्द दोनदा टाइप करतात, नंतर एका ठिकाणची चूक सुधारतात आणि दुसऱ्या ठिकाणी ती तशीच राहते.

भाषेच्या विद्यार्थ्याने पहिल्याच दिवशी स्वतःचा नोट-प्रकार बनवावा. सहा रकाने पुरतात: शब्द, तो ज्यात सापडला ते वाक्य, अर्थ, उच्चाराचा ध्वनी, स्रोत (कोणता मजकूर, कितवं पान) आणि 'उलट'. शेवटचा रकाना रिकामा ठेवला तर फक्त परक्या भाषेतून अर्थ विचारणारं कार्ड बनतं. त्यात एखादं अक्षर टाकलं की अर्थावरून शब्द विचारणारं दुसरं कार्डही बनतं. अँकीसोबत येणारा 'ऐच्छिक उलट कार्ड' हा तयार प्रकार असाच चालतो, त्याचीच प्रत काढून रकाने वाढवावेत. याचा उपयोग मोठा आहे. कादंबरीत एकदाच आलेला 'शेवाळलेला' सारखा शब्द वाचताना ओळखता आला की झालं, तो स्वतःहून आठवायची गरज नाही. पण निबंधात लागणारं 'याउलट', 'परिणामी', 'गृहीत धरलं तर' हे दोन्ही बाजूंनी यायलाच हवं. सगळंच दोन्ही बाजूंनी ठेवलं तर उजळणीचा वेळ दुप्पट होतो आणि मिळकत तेवढी नसते. स्रोताचा रकाना सुरुवातीला उगाच वाटतो, पण सत्राच्या शेवटी निबंधासाठी तोच उतारा शोधताना तो कामी येतो.

रकाने सुरुवातीलाच ठरवा असं सांगण्यामागे कारण आहे. नंतर रकाना वाढवला किंवा कार्डाचा साचा जोडला की अँकी पूर्ण सिंक (उपकरणांतल्या प्रती जुळवणं) मागतं: एक तर संगणकावरची प्रत वर चढवा, नाही तर सर्व्हरवरची खाली उतरवा. दोन्हींचं मिश्रण होत नाही. फोनवर तीन दिवस केलेली उजळणी सिंक न करता संगणकावर साचा बदलला, तर दोन्हींपैकी एका बाजूचं काम जातंच. म्हणून साच्याला हात लावण्याआधी सगळी उपकरणं सिंक करायची आणि संगणकावरून संपूर्ण संग्रह निर्यात करून ठेवायचा. साच्यातले बदल फोनवर करूच नयेत.

आता मुख्य मुद्दा, कार्डावर काय लिहायचं. इथेच बहुतेकांचं चुकतं, आणि ते प्रत्येक भाषेत वेगळ्या जागी चुकतं.

जर्मन शिकताना नाम कधीही एकटं लिहू नये. आर्टिकल (नामाआधी येणारं, लिंग दाखवणारं उपपद) आणि अनेकवचन सोबत हवंच. मराठीतही तीन लिंगं आहेत, पण त्याने फसगतच होते: चमचा पुल्लिंगी आणि जर्मनमध्येही 'डेर ल्योफल' पुल्लिंगी, म्हणून धीर येतो. लगेच काटा आपल्याकडे 'तो' आणि तिकडे 'डी गाबल' स्त्रीलिंगी, सुरी आपल्याकडे 'ती' आणि 'दास मेसर' नपुंसकलिंगी. मराठीच्या लिंगाशी न जुळणाऱ्या नामांना वेगळा टॅग लावावा, सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. क्रियापदाबरोबर त्याचं शब्दयोगी अव्यय आणि विभक्ती यायला हवी: वाट पाहणे म्हणजे नुसतं 'वार्टन' नाही, 'वार्टन आउफ' आणि पुढे अक्युझाटिव्ह. हे तीन तुकडे वेगवेगळ्या कार्डांवर घातले तर बोलताना कधीच एकत्र येत नाहीत.

फ्रेंचमध्ये 'ल' आणि 'ला' ही आर्टिकलं लिहून लिंग पाठ करण्याची सवय मोडावी. स्वराने सुरू होणाऱ्या नामापुढे दोन्हींचं रूप एकच होतं, त्यामुळे 'लार्ब्र' (झाड) लिहून ठेवलं की लिंग दिसतच नाही. त्याऐवजी 'अं' आणि 'यून' (दोन्हींचा अर्थ 'एक') लिहावं. शिवाय फ्रेंचमध्ये स्वरांवरच्या खुणा चुकल्या की गुण जातात, म्हणून शब्द आठवायच्या कार्डांना 'उत्तर टाइप करा' हा प्रकार लावण्यात अर्थ आहे. अँकी तुमचं उत्तर अक्षरागणिक ताडून लाल-हिरव्या रंगात दाखवतं. दोन बरोबर उत्तरं असतील तर त्याला ते कळत नाही, पण कुठलं बटण दाबायचं हे शेवटी तुम्हीच ठरवता, त्यामुळे फारसं बिघडत नाही.

रशियन शब्दावर आघाताची खूण नसेल तर कार्ड अर्धवट आहे. 'झामक' आणि 'झामोक' यांचं स्पेलिंग एकच: पहिल्या अक्षरावर जोर दिला तर किल्ला, दुसऱ्यावर दिला तर कुलूप. छापील पुस्तकांत ही खूण सहसा नसते, शब्दकोशातून पाहून घालावी लागते. क्रियापदं नेहमी जोडीने लिहावीत, अपूर्ण आणि पूर्ण अशा दोन्ही रूपांत. 'पिसात' लिहिलं की 'नापिसात' त्याच नोटवर.

अरबीसाठी नोटवर अनेकवचनाचा वेगळा रकाना लागतो, कारण ते नियमाने सापडेलच असं नाही: किताबचं कुतुब, कलमचं अक्लाम. रकान्याच्या सेटिंगमध्ये मजकुराची दिशा उजवीकडून डावीकडे करायला विसरू नये, नाहीतर विरामचिन्हं भलत्या टोकाला जाऊन बसतात. चिनीत सूर हाच शब्दाचा भाग आहे: तिसऱ्या सुरातलं 'माय' म्हणजे विकत घेणं, चौथ्या सुरातलं 'माय' म्हणजे विकणं. ध्वनी नसलेलं चिनी कार्ड बनवूच नये.

जपानीत एकेका कांजीचे (चिनीतून घेतलेल्या अक्षराचे) सगळे उच्चार एकाच कार्डावर कोंबणं ही हमखास होणारी चूक. 'जीवन, जन्म' या अर्थाची जी कांजी आहे ती 'सेन्सेइ' आणि 'गाकुसेइ'मध्ये 'सेइ' होते, 'इश्शो'मध्ये 'शो' होते, आणि 'इकिरु', 'उमारेरु' या क्रियापदांत आणखी वेगळी. यादी पाठ होत नाही. झाली तरी वाचताना कोणता उच्चार घ्यायचा ते कळत नाही. प्रत्येक शब्दाचं वेगळं कार्ड करावं, कांजीचे उच्चार आपोआप लक्षात बसतात.

अर्थ कोणत्या भाषेत लिहायचा? मराठीत लिहावा असं ठाम मत आहे. बहुतेक शब्दकोश इंग्रजीतून असतात, म्हणून सवयीने इंग्रजीच उतरवलं जातं आणि 'तू' व 'तुम्ही' यांतला फरक पुसला जातो, जो फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, रशियन या सगळ्यांत महत्त्वाचा आहे. मराठीतही एक खाच आहे: 'तुम्ही' आदरार्थी आहे की अनेकवचनी, हे सांगावं लागतं. जर्मनमध्ये मित्रांच्या घोळक्याला 'ईअर' आणि अनोळखी माणसाला 'झी'. प्रश्नात नुसतं 'तुम्ही येता' लिहिलं तर दोन्ही उत्तरं बरोबर ठरतात आणि कार्ड कायम अडखळत राहतं. कंसात 'मित्रांना' किंवा 'साहेबांना' एवढं लिहिलं की पुरे.

व्याकरणासाठी गाळलेल्या जागांचा प्रकार, म्हणजे क्लोझ, उत्तम. संगणकावर शब्द निवडून कंट्रोल-शिफ्ट-सी दाबलं की जागा तयार. स्पॅनिशमधलं 'पोर' की 'पारा' (दोन्हींचं भाषांतर 'साठी' होऊ शकतं), किंवा भविष्याबद्दल बोलताना 'क्वान्दो'नंतर (म्हणजे 'जेव्हा'नंतर) येणारं क्रियापदाचं सब्जंक्टिव्ह रूप, या गोष्टी तक्त्यातून कळतात पण हाताला लागतात त्या वाक्यांतूनच. मात्र काही दिवसांनी एक गंमतशीर बिघाड होतो: वाक्याचे पहिले दोन शब्द दिसताच उत्तर तोंडात येतं, वाक्य वाचलंच जात नाही. कार्ड बरोबर येत राहतं आणि निबंधात तीच चूक होते. डोळ्यांनी वाक्याचा आकार ओळखलेला असतो, नियम नाही. उपाय म्हणजे एका नियमासाठी एक लांब वाक्य न ठेवता सहा ते दहा शब्दांची चार-पाच वेगवेगळी वाक्यं ठेवायची, प्रत्येकात एकच जागा गाळायची, आणि दोन उत्तरं शक्य असतील तिथे इशारा जोडायचा.

कार्डं बनवण्याची रीत अशी ठेवावी. उतारा आधी शब्दकोशाविना एकदा वाचावा आणि अडलेले शब्द फक्त अधोरेखित करावेत. दुसऱ्या वाचनात त्यातले निम्मे संदर्भाने उलगडतात, त्यांची कार्डं नकोत. उरलेल्यांतून जे पुन्हा भेटतील असे आठ-दहा निवडावेत. यादी एकदम टाकायची असेल तर स्प्रेडशीटमधून मजकूर-फाइल बनवून आयात करता येते, पण फाइल यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात साठवलेली हवी. नाहीतर उमलाउट (जर्मन स्वरांवरची दोन टिंबं) आणि अ‍ॅक्सेंटच्या जागी चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटतात. आयात करताना पहिल्या रकान्यावरून आधीची नोट ओळखली जाते, आणि तोच शब्द आधी असेल तर निवडलेल्या पर्यायानुसार जुनी नोट बदलली जाऊ शकते. तो पर्याय न वाचता पुढे जाऊ नये.

तयार डेक, म्हणजे कार्डांचे संच, फुकट मिळतात. लिपी, आकडे आणि अगदी सुरुवातीचे पाचशे-हजार शब्द यांसाठी ते चांगले. त्यापुढे ते विद्यापीठाच्या अभ्यासाला लागू पडत नाहीत, कारण वारंवारतेच्या यादीत पुढे येणारे शब्द आणि या आठवड्याच्या उताऱ्यातले शब्द यांचा मेळ बसत नाही. स्वतः कार्ड बनवताना शब्दाशी जी झटापट होते तिच्यातच निम्मं शिकणं असतं.

आता मात्रा. अँकी सुरुवातीला रोज २० नवी कार्डं आणि २०० उजळण्या अशी मर्यादा लावतं. ढोबळ हिशेब असा की रोजच्या नव्या कार्डांच्या सुमारे दहापट उजळण्या काही आठवड्यांनी रोज समोर येतात. एका कार्डाला दहा सेकंद धरले तर २०० उजळण्यांना ३३ मिनिटं लागतात. इतर पेपर सांभाळून हे पेलवत नाही. रोज १२ नवी कार्डं ठेवली तर उजळणी वीस मिनिटांत उरकते आणि १५ आठवड्यांच्या सत्रात १२६० कार्डं होतात, एवढं पुरेसं आहे. लक्षात ठेवा, मर्यादा कार्डांची आहे, शब्दांची नाही. दोन्ही बाजूंनी विचारलेला शब्द दोन जागा खातो.

सगळ्यात मोठा अपघात परीक्षेच्या तोंडावर होतो. तीन आठवडे रोज ५० नवी कार्डं टाकली जातात. पहिल्या आठवड्यात सोपं वाटतं, कारण उजळणी अजून आलेली नसते. मग ती येते, नेमकी परीक्षेच्या आठवड्यात, रोज चारशे-पाचशेच्या घरात. दोन दिवस चुकले की हजार कार्डं साचतात आणि अ‍ॅप उघडायलाच नको वाटतं. बहुतेक जण अँकी इथे सोडतात. असं झालंच तर नवी कार्डं शून्यावर आणावीत, रोजची मर्यादा पेलेल एवढी ठेवून साचलेलं हळूहळू उपसावं. सगळं पुसून नव्याने सुरू करू नये. उशिरा आलेलं कार्ड आठवलं तर अँकी तो जास्तीचा काळ हिशेबात धरून पुढचं अंतर वाढवतं. परीक्षेसाठी ठरावीक उताऱ्याची उजळणी हवी असेल तर टॅगवरून फिल्टर केलेला डेक काढावा, मूळ वेळापत्रक न बिघडवता तो चालवता येतो.

वेळापत्रकाचं गणित दोन प्रकारचं आहे. जुनं, १९८७ च्या एसएम-२ पद्धतीवर बेतलेलं, आणि २३.१० या आवृत्तीपासून आत समाविष्ट झालेलं एफएसआरएस. डेकच्या पर्यायांत एफएसआरएस चालू करावं. तुमच्याच उत्तरांवरून ते अंतर ठरवतं, आणि महिन्यातून एकदा 'ऑप्टिमाइझ' दाबणं पुरतं. त्यात एक आकडा तुमच्या हातात असतो: उजळणीच्या वेळी किती टक्के कार्डं आठवायला हवीत. मूळ ०.९० आहे. तो ०.९५ केला तर अंतरं निम्म्याहून कमी होतात आणि काम त्या मानाने फुगतं. भाषेसाठी ०.८५ ते ०.९० बरोबर, कारण तेच शब्द वाचनातही भेटत असतात. एफएसआरएसमध्ये एका चुकीची फार किंमत मोजावी लागते: विसरलेल्या कार्डाला 'अगेन'ऐवजी 'हार्ड' दाबणं. 'हार्ड' म्हणजे आठवलं, पण कष्टाने. लाजेखातर ते दाबत गेलं तर प्रणाली तुम्हाला ते येतं असं समजते आणि सगळीच अंतरं बिघडतात.

आठ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी 'लीच' म्हणतं. ते पुन्हा पुन्हा घोटू नये, कार्डच बदलावं. बहुधा दिसायला सारखे दोन शब्द एकमेकांत मिसळलेले असतात किंवा वाक्य निरुपयोगी असतं.

संस्कृतीच्या पेपरसाठी अँकी जपून वापरावं. सनावळी, संज्ञा, व्यक्ती आणि नकाशे यांत ते मदत करतं. नकाशासाठी चित्रावर झाकण लावण्याची सोयही आत आहे. पण जपानच्या इतिहासातलं '१८६८: मेजी पुनर्स्थापना' असं कार्ड पाठ करून निबंधात काहीच मिळत नाही. दोन घटना जोडणारा प्रश्न विचारावा. स्पेनचा हुकूमशहा फ्रँको १९७५ मध्ये वारला, मग स्पेनची राज्यघटना किती वर्षांनी आली? तीन, १९७८. भिंत बर्लिनमध्ये १९६१ साली उभी राहिली, मग जर्मनीची फाळणी आधी होती की नंतर? आधी, १९४९ मध्येच दोन राज्यं झाली होती. अशा कार्डांतून क्रम डोक्यात बसतो आणि युक्तिवादाला आधार मिळतो. संपूर्ण मुद्दे, समीक्षकांची मतं, निबंधाचे आराखडे कार्डांवर घालू नयेत. उत्तर चार ओळींचं असलं की बरोबर आलं की नाही हेच ठरवता येत नाही.

बोलणं आणि ऐकणं अँकी शिकवत नाही. युरोपीय परिषदेच्या २००१ च्या ए१ ते सी२ या भाषा-प्रावीण्याच्या पातळ्यांमध्ये संवाद आणि मध्यस्थी, म्हणजे एकाचं म्हणणं दुसऱ्यापर्यंत पोचवणं, ही स्वतंत्र कौशल्यं आहेत. कार्डांचा त्यांच्याशी संबंध फक्त शब्द पुरवण्यापुरता. एवढं मात्र करता येतं: अँकीत कार्ड लिहायच्या खिडकीत एफ५ दाबून आवाज ध्वनिमुद्रित होतो, तेव्हा भाषा-सहायकाकडून किंवा सोबत शिकणाऱ्या मूळ भाषकाकडून आठवड्याची दहा वाक्यं त्याच्या परवानगीने वाचून घ्यावीत. संगणकाच्या आवाजापेक्षा ती कितीतरी उपयोगी, कारण बोलताना शब्द कसे एकमेकांत मिसळतात ते त्यांत ऐकू येतं.

सुट्टीत काय करायचं, हा प्रश्न उरतो. उजळणी पूर्ण बंद ठेवली तर परत आल्यावर ढीग असतो. सत्र संपताना नवी कार्डं शून्य करावीत. उजळणी तशीच चालू ठेवली की तीन-चार आठवड्यांत रोजचं काम आपोआप निम्म्याच्या खाली येतं. मग अपेक्षित टक्केवारी ०.८० वर आणावी, ०.९० च्या मानाने अंतरं दुपटीहून जास्त होतात आणि रोज सहा-सात मिनिटांत भागतं. सत्र सुरू होण्याच्या आठवडाभर आधी आकडा परत ०.८७ च्या आसपास न्यावा आणि पहिल्या उताऱ्याची दहा कार्डं टाकावीत.